परिभाषा आणि पायाखालची माती

मुळशी तालुक्यातील कासारसाईचे धरण मातीचे आहे. मातीने पाणी अडावे कसे? उत्तर दोन संज्ञांत आहे. कणांमधील पोकळी किती, हे ‘सच्छिद्रता’ सांगते. त्या पोकळीतून पाणी किती सहज वाहते, हे ‘पारगम्यता’. चिकणमातीत पोकळ्या विपुल, परंतु अतिसूक्ष्म. म्हणून तिच्यातून पाणी जेमतेम झिरपते. यास्तव अशा धरणांच्या गाभ्यात सामान्यतः चिकणमाती ठासून भरतात आणि बाहेरून मुरूम घालतात. हा मुरूम म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण ऊन-पावसाने सुटा झालेला. या क्रियेस ‘अपक्षय’ म्हणतात.

1960 साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने शास्त्रीय विषयांचे परिभाषाकोश सिद्ध केले, हे कार्य मोलाचे आहे. तथापि संज्ञा पाठ होतात आणि पायाखालची माती अनोळखी राहते, हे आपल्या वर्गांचे दुखणे होय. तळाशी छिद्रे असलेल्या दोन डब्यांत मुरूम व चिकणमाती भरून शिक्षकांनी आधी पाणी ओतावे, मग संज्ञा सांगावी. ‘पाझर’ या एका शब्दात हा भेद मावत नाही, म्हणून परिभाषा हवी. परंतु तिला अर्थ येतो तो मातीतूनच.