तारापूरचे देणे आणि उद्याची वीज

जून २०२५ मध्ये भारताच्या वीजक्षेत्राने एक मोठा टप्पा ओलांडला. देशातील एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्म्याहून किंचित अधिक क्षमता कोळसा, वायू आणि तेल यांच्या बाहेरची झाली. पॅरिस कराराखाली २०३० सालासाठी दिलेला शब्द पाच वर्षे आधीच पाळला गेला. ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र क्षमतेऐवजी प्रत्यक्ष तयार झालेल्या युनिटचा हिशेब मांडला की दर चार युनिटपैकी जवळपास तीन अजूनही कोळशाचीच निघतात.

या तफावतीचे कारण साधे आहे. सौर पॅनेलला रात्र आहे, पावसाळा आहे. वर्षाची सरासरी काढली तर ते आपल्या क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकीच वीज देते. वाऱ्याचाही हंगाम असतो. महाराष्ट्राने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीपंपांची मागणी दिवसा वळवायला घेतली, हा शहाणपणाचा निर्णय आहे; रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याची त्यातून सुटका होते. पण लोकल गाड्या, रुग्णालये, शीतगृहे, पोलादाच्या भट्ट्या आणि संध्याकाळी घराघरांत एकाच वेळी लागणारे दिवे-पंखे उन्हाच्या वेळापत्रकावर चालत नाहीत. तो भार आज चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याची कोळसा केंद्रे उचलतात आणि त्याची किंमत तिथल्या लोकांची फुप्फुसे मोजतात.

रात्रंदिवस चालणारी आणि कार्बन जवळजवळ न सोडणारी वीज आणायची कुठून? जलविद्युत, साठवण आणि अणुऊर्जा ही या प्रश्नाची तीन प्रमुख उत्तरे. मोठ्या धरणांच्या जागा मर्यादित आहेत. साठवणीत आपण काही केले आहे: घाटघरला रात्री पाणी वर चढवून गरजेच्या वेळी खाली सोडणारे २५० मेगावॉटचे केंद्र उभे आहे. बॅटऱ्याही झपाट्याने स्वस्त होत आहेत. पण आठ-दहा दिवस आभाळ भरून राहिले तर काही तासांची साठवण पुरत नाही. म्हणून अणुऊर्जेचा विचार टाळता येत नाही. तो घोषणांच्या आणि भीतीच्या पलीकडे जाऊन करायला हवा.

कार्बनचा हिशेब

हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाने २०१४ च्या अहवालात प्रत्येक ऊर्जास्रोताचा खाणीपासून केंद्र मोडीत काढण्यापर्यंतचा कार्बन मोजला. त्यातील मध्यक आकडे असे: एका युनिटमागे कोळसा ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायू ४९० ग्रॅम, मोठे सौर प्रकल्प ४८ ग्रॅम, जमिनीवरील पवनचक्क्या ११ ग्रॅम आणि अणुऊर्जा १२ ग्रॅम. युरेनियम खणणे, शुद्ध करणे, सिमेंट-पोलाद ओतून भट्टी बांधणे हे सारे धरूनच हे १२ ग्रॅम आहेत.

७०० मेगावॉटची एक भट्टी ८५ टक्के क्षमतेने चालली तर वर्षाला सुमारे ५२० कोटी युनिट देते. तीच वीज कोळशातून काढली तर चाळीस लाख टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून अधिक देशांनी २०५० पर्यंत जगाची अणुऊर्जा तिप्पट करण्याचा संकल्प केला, तो या गणिताच्या जोरावर. भारताने त्यावर सही केली नाही, पण २०२५ च्या अर्थसंकल्पात स्वतःचे लक्ष्य जाहीर केले: २०४७ पर्यंत १०० गिगावॉट.

२०२५ च्या मध्यास आपली क्षमता होती २४ भट्ट्या मिळून ८,७८० मेगावॉट, आणि देशाच्या विजेतील वाटा सुमारे तीन टक्के. इथवर यायला तारापूरपासून छप्पन वर्षे लागली. उरलेल्या बावीस वर्षांत शंभर गाठायचे तर दरवर्षी ७०० मेगावॉटच्या जवळजवळ सहा भट्ट्या सुरू व्हाव्या लागतील.

तुर्भे ते कैगा

आपला पाया कच्चा नाही. होमी भाभांच्या नेतृत्वाखाली ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही आशियातील पहिली संशोधन अणुभट्टी सुरू झाली. ऑक्टोबर १९६९ मध्ये तारापूरच्या दोन भट्ट्यांनी व्यापारी वीजनिर्मिती सुरू केली. त्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधलेल्या, समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्या होत्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनाबाबत हात आखडता घेतला. तारापूर चालू ठेवण्यासाठी पुढे फ्रान्स, चीन आणि रशिया यांच्याकडून इंधन आणावे लागले. परक्याच्या इंधनावर उभी केलेली भट्टी परक्याच्या मर्जीवर चालते, हा धडा देशाने तेव्हा घेतला.

या परावलंबनातून सुटण्याची वाट म्हणजे जड पाण्याची भट्टी. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये सहज विखंडन होणारा भाग फक्त ०.७ टक्का असतो. साधे पाणी वापरले तर तो वाढवून घ्यावा लागतो. जड पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करते, पण त्यांना फारसे गिळत नाही. त्यामुळे नैसर्गिक युरेनियम जसेच्या तसे वापरता येते. या भट्टीत इंधनाच्या जुड्या भट्टी चालू असतानाच बदलता येतात. कर्नाटकातील कैगाची पहिली भट्टी २०१८ च्या अखेरीस सलग ९६२ दिवस चालण्याचा तेव्हाचा जागतिक विक्रम करू शकली, त्यात या रचनेचा मोठा वाटा होता.

या कामात महाराष्ट्राचा हात मोठा आहे. अलिबागजवळच्या थळला जड पाणी तयार होते. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्याने अणुभट्ट्यांचे अवजड भाग घडवले. वापरलेल्या इंधनातून उपयुक्त द्रव्य वेगळे काढण्याचे आणि उरलेला तीव्र किरणोत्सारी कचरा काचेत बंदिस्त करण्याचे तंत्र तुर्भे आणि तारापूरला विकसित झाले. २२० मेगावॉटपासून सुरू झालेली ही रचना तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीत ५४० वर आणि गुजरातेतील काक्रापारला ७०० वर पोचली.

भाभांच्या त्रिस्तरीय योजनेत ही फक्त पहिली पायरी आहे. दुसरी म्हणजे प्लुटोनियमवर चालून आणखी इंधन निर्माण करणारी शीघ्र प्रजनक भट्टी, आणि तिसरी थोरियमची. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या प्रजनक भट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले; गाभा भरण्याचे काम सुरू व्हायला मार्च २०२४ उजाडला. अनिल काकोडकरांसारखे ज्येष्ठ शास्त्रज्ञ, थोरियमसाठी इतकी वाट न पाहता आजच्या जड पाण्याच्या भट्ट्यांतच तो समृद्ध युरेनियमबरोबर वापरावा, असे सांगत आहेत. हे ऐकण्याजोगे आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवरील वाळूत थोरियमचा साठा आहे. तो पिढ्यान्‌पिढ्या नुसता मोजत बसण्यात अर्थ नाही.

महाकाय आणि चिमुकल्या भट्ट्यांचा मोह

राजापूर तालुक्यातील माडबन परिसरात जैतापूर प्रकल्प आखला गेला तो वेगळ्या वाटेने. सुमारे १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, जगातील सर्वांत मोठे अणुवीज केंद्र. डिसेंबर २०१० मध्ये फ्रेंच कंपनीशी करार झाला. तीन महिन्यांत फुकुशिमा घडले. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाट्याच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका माणसाचा जीव गेला.

जैतापूरवरचा वाद बहुधा भूकंप, मासेमारी आणि आंबा यांच्याभोवती फिरतो. ते प्रश्न खरे आहेत. पण याच रचनेच्या भट्टीचे युरोपात काय झाले तेही पाहायला हवे. फ्रान्समधील फ्लामान्व्हिलची भट्टी २००७ मध्ये बांधायला घेतली आणि २०१२ मध्ये सुरू करायची होती. ती ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. ३.३ अब्ज युरोंचा अंदाज बांधणाऱ्या कंपनीच्याच हिशेबाने १३ अब्जांवर गेला. फिनलंडमधील ओल्किलुओटोची भट्टी २००९ मध्ये सुरू व्हायची होती. तिची नियमित वीज मिळायला २०२३ साल यावे लागले.

याच फ्रान्सने १९७३ च्या तेलसंकटानंतर वीसेक वर्षांत पन्नासहून अधिक भट्ट्या उभारल्या आणि आपली बहुतांश वीज कोळशापासून मुक्त केली. तेव्हा एकाच धाटणीच्या भट्ट्या, तेच अभियंते आणि तेच कारखाने एकामागून एक काम करत होते. अणुऊर्जा स्वस्त आणि वेळेवर मिळते ती अशा सलग बांधकामातून. दोन भट्ट्यांमध्ये दशकाची फट पडली की वेल्डर निवृत्त होतात, कारखाने दुसरीकडे वळतात आणि प्रत्येक भट्टी पुन्हा पहिलीच ठरते.

दुसरे टोक लहान, कारखान्यात घडवायच्या भट्ट्यांचे. २०२५ च्या अर्थसंकल्पाने त्यांच्या संशोधनासाठी वीस हजार कोटींची योजना मांडली आणि २०३३ पर्यंत पाच देशी भट्ट्या चालवण्याचे ठरवले. राज्याच्या महानिर्मिती कंपनीने त्याच वर्षी रशियाच्या रोसाटॉमशी थोरियमवरील लहान भट्टीसाठी सामंजस्य करार केला. संशोधन अवश्य व्हावे. पण अमेरिकेतील युटाचा नुस्केल प्रकल्प खर्च वाढून नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द झाला, हे लक्षात ठेवावे. जी भट्टी अजून चाललेली नाही तिच्या विजेवर राज्याचे नियोजन बांधता येत नाही.

माझे मत स्पष्ट आहे: आपल्या हातची, सिद्ध झालेली ७०० मेगावॉटची जड पाण्याची भट्टीच या धोरणाचा कणा व्हावी. तिच्याही उणिवा झाकू नयेत. काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीला बांधकाम सुरू झाल्यापासून व्यापारी निर्मितीपर्यंत साडेबारा वर्षे लागली. तिसरी आणि चौथी मिळून १,४०० मेगावॉटसाठी २२,५०० कोटींहून अधिक, म्हणजे मेगावॉटमागे सोळा कोटींच्या घरात खर्च आला. मात्र अशा दहा भट्ट्या एका साच्यातून बांधण्याचा निर्णय २०१७ मध्येच झालेला आहे. राजस्थानात रावतभाटाची सातवी भट्टी एप्रिल २०२५ पासून व्यापारी वीज देऊ लागली, बांसवाड्याच्या चार भट्ट्यांची पायाभरणी त्याच वर्षी झाली. ही साखळी तुटू न देणे हे कुठल्याही नव्या परदेशी करारापेक्षा अधिक मोलाचे आहे.

भीतीचे मोजमाप

चेर्नोबिलमध्ये पहिल्या काही महिन्यांत सुमारे तीस माणसे गेली, पुढे मुलांमध्ये थायरॉइड कर्करोगाची हजारो प्रकरणे उद्भवली. फुकुशिमात किरणोत्साराने झालेला म्हणून जपान सरकारने मान्य केलेला मृत्यू एक. पण स्थलांतराच्या हालांनी त्या प्रांतात दोन हजारांहून अधिक लोक दगावले, त्यांतले बहुतेक वृद्ध. अपघाताइतकीच अपघातानंतरची अव्यवस्था मारक ठरू शकते, हे यातून शिकायचे. आपल्याकडेही १९९३ मध्ये नरोऱ्याला टर्बाइनची आग लागून केंद्राचा वीजपुरवठा तुटला होता. २०१६ मध्ये काक्रापारच्या पहिल्या भट्टीत जड पाण्याची गळती झाली. दोन्ही वेळा भट्टी सुरक्षित बंद झाली, याचे श्रेय तिथल्या कर्मचाऱ्यांना आहे.

कोळशाचे मृत्यू मात्र ठळक मथळ्यांत येत नाहीत. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. कोळसा पूर्ण थांबवण्याची कायदेशीर मुदत मात्र २०३८ ठेवली. हा क्रम उलटा असायला हवा होता. चंद्रपूरकरांसारख्यांना अशा धोरणाची किंमत न सांगता कळते.

तरीही लोकांच्या शंकेला अज्ञान म्हणून उडवून लावणे अन्यायाचे आहे. त्या शंकेचे मूळ विश्वासाच्या अभावात आहे, आणि तो अभाव शासनाच्या वागण्यातून आला आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले, पण ज्या खात्याच्या केंद्रांवर लक्ष ठेवायचे त्याच व्यवस्थेच्या छत्राखाली ते दशकानुदशके राहिले. मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी हा प्रश्न लावून धरला. २०१२ मध्ये ‘कॅग’ने त्यावर बोट ठेवले. स्वतंत्र नियामकाचे २०११ चे विधेयक व्यपगत झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘शांती’ कायद्याने मंडळाला अखेर वैधानिक दर्जा दिला, खासगी कंपन्यांना दार उघडले आणि २०१० चा दायित्व कायदा मोडीत काढला. नियामकाचा दर्जा वाढला हे स्वागतार्ह आहे. पुरवठादाराची जबाबदारी सैल होणे मात्र चिंतेचे आहे: सदोष भाग देणाऱ्याला त्याची झळ बसलीच पाहिजे.

सर्वांत जुनी थकबाकी तारापूरची आहे. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवली गेली. त्यांच्या पुनर्वसनाचा वाद वर्षानुवर्षे मुंबई उच्च न्यायालयात चालला. ज्यांच्या जमिनीवर वीज तयार होते त्यांना घर, रोजगार आणि सुविधांसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. माडबनचा आणि नाट्याचा माणूस हे पाहत आला आहे. त्याला जनजागृतीच्या पुस्तिका वाटून काही होणार नाही.

अटी

म्हणून अणुऊर्जेच्या समर्थकांनीच काही अटी आग्रहाने मांडायला हव्यात. नवी जागा निवडण्याआधी पोफरण-अक्करपट्टीच्या प्रकल्पग्रस्तांचे शिल्लक प्रश्न मुदत ठरवून मिटवावेत. किनाऱ्यावरील केंद्रांच्या परिसरातील किरणोत्साराची, समुद्राच्या तापमानाची आणि मासळीची मोजणी स्थानिक विद्यापीठे व मच्छीमार संस्थांच्या सहभागाने व्हावी आणि तिचे निष्कर्ष मराठीत नियमित जाहीर व्हावेत. नियामक मंडळाचा अध्यक्ष अणुऊर्जा खात्याच्या वर्तुळाबाहेरून निवडता येईल अशी प्रथा पडावी. आपत्कालीन सराव कागदावर न राहता गावांच्या ग्रामसभांत व्हावेत. जैतापूरच्या फ्रेंच भट्ट्यांचा विजेचा दर, आयात इंधन आणि विलंबाचा धोका यांचा हिशेब खुला होईपर्यंत तो करार पुढे रेटू नये.

या अटी पाळून शंभर गिगावॉट वेळेत होतील का? कदाचित होणार नाहीत. पण चाळीस-पन्नास गिगावॉट जरी सलग, सुरक्षित आणि लोकांच्या संमतीने उभी राहिली, तर सूर्य-वाऱ्याला रात्रीची भक्कम जोड मिळेल आणि देशातील सर्वांत जुनी, सर्वांत घाण कोळशाची युनिट कायमची बंद करता येतील. संमती न घेता रेटलेला प्रकल्प जैतापूरसारखा पंधरा-पंधरा वर्षे कागदावर पडून राहतो, आणि तेवढी वर्षे कोळसाच जळत राहतो. लोकांचा विश्वास कमावणे हा अणुऊर्जेच्या मार्गातला अडथळा नाही. शंभर गिगावॉटचे काम तिथूनच सुरू होते.