एकरावर पंप, फुटावर पाणी

जानेवारीत नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या संत्रापट्ट्यात झाडांचा ताण तोडायचा असतो. आंबिया बहाराचं पहिलं पाणी नेमकं याच थंडीत लागतं आणि कृषी फीडरची पाळी रात्रीची असली, तर ओलीत रात्रीच करावं लागतं. डोक्याला दुपट्टा गुंडाळायचा, हातात बॅटरी घ्यायची आणि धुऱ्यावरच्या ओल्या गवतातून मोटरपर्यंत जायचं. कोंढाळीच्या जंगलपट्ट्यात रानडुकरांची भीती असते, बिबट्याचीही असते.

म्हणून शेतकरी ऑटो स्विच बसवतो. लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते आणि माणूस घरी झोपतो. पण ठिबक नसलेल्या बागेत मग दांड वळवायला कोणी नसतं. बुंध्याशी पाणी साचून राहतं, फायटोफ्थोरा बुरशी वाढते, साल फुटून डिंक ओघळू लागतो. हाच डिंक्या. खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करा, असं फळशास्त्रज्ञ कधीपासून सांगत आहेत. आळं करता येतं, पण रात्री दोन वाजता ते भरलं की फुटलं हे बघणार कोण?

याच नागपूर जिल्ह्यात कोराडीच्या वीजकेंद्रात 660 मेगावॅटचे तीन संच आहेत आणि खापरखेड्याचं केंद्र 1,340 मेगावॅटचं आहे. वीज घरच्याच अंगणात तयार होते. पण दिवसा कारखाने आणि शहरांची मागणी जास्त, रात्री ती उतरते. म्हणून शेतीचा थ्री-फेज पुरवठा दिवसा आणि रात्री असा पाळीपाळीनं वाटला गेला. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज मिळू लागली. बिलाचा भार हलका झाला हे खरं, पण त्यानं रात्रीची पाळी सुटत नाही.

दिवसा वीज देण्याचे शासनाचे मार्ग दोन आहेत. पहिला ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’. शेतकऱ्यानं किमतीच्या 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5 एचपी आणि त्याहून जास्त जमिनीला साडेसात एचपी. माझा आक्षेप या मोजमापालाच आहे. पंपाची ताकद किती लागेल हे फक्त जमिनीवरून ठरत नाही, पाणी किती खोल आहे यावरूनही ठरतं.

हिशेब सोपा आहे. एक एचपी म्हणजे सेकंदाला सुमारे 76 लिटर पाणी एक मीटर वर उचलण्याची ताकद. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली, तर 5 एचपीचा पंप 15 मीटरच्या विहिरीतून सेकंदाला साधारण साडेबारा लिटर पाणी देईल. तोच पंप 150 मीटरवरून, म्हणजे जवळपास 500 फुटांवरून, जेमतेम सव्वा लिटर देईल. वरून ढग आले की तेवढंही नाही. उथळ विहिरीवाल्याला हा पंप वरदान आहे. खोल बोअरवाल्याची मात्र एप्रिल-मेमध्ये फळगळ सुरू झाली की दमछाक होते.

दुसरा मार्ग मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा. ती 2017 मध्ये सुरू झाली आणि 2023 मध्ये ‘2.0’ म्हणून तिला वेग दिला गेला. इथे उपकेंद्राजवळ छोटा सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्याची वीज थेट कृषी फीडरवर जाते. पंप शेतकऱ्याचा स्वतःचाच राहतो, मग तो कितीही एचपीचा असो. प्रकल्पाला जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ. काटोलसारख्या खोल पाण्याच्या भागाला हाच मार्ग जास्त योग्य आहे, असं मला ठामपणे वाटतं. सौरपंप उथळ विहिरींना आणि जिथवर तार पोचत नाही अशा एकट्या वावरांना द्यावा.

एक धोका मात्र दोन्हीकडे सारखाच. दिवसाची फुकट वीज आली की मोटर थांबवायला कारण उरत नाही. हा बराचसा काळ्या पाषाणाचा प्रदेश आहे, पाणी खडकाच्या सांध्याभेगांतच साठतं. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यानं 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला ‘खोल विहीर’ ठरवून शेतीसाठी अशा विहिरी खोदण्यावर निर्बंध घातले आहेत. संत्रापट्ट्यातल्या बोअर ही खूण केव्हाच ओलांडून खाली गेल्या. म्हणून दिवसाच्या विजेला ठिबकची जोड हवीच, आणि दोन्हींची मंजुरी एकाच अर्जावर मिळायला हवी.

तोवर, सौरपंपाचा अर्ज भरण्याआधी आपल्या बोअरची पातळी मे महिन्यात मोजून घ्या. जानेवारीतल्या पातळीवर विसंबू नका. आणि आपलं वावर कोणत्या फीडरवर आहे, तो सौरवाहिनीत कधी येणार, हे उपकेंद्रात लेखी विचारा.