डॉकर सुरू केला की रॅम जाते कुठे?

नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करणाऱ्या अनेक मुलांकडे ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप असतो. त्यावर कंटेनर चालवणारा डॉकर सुरू केला की टास्क मॅनेजरमध्ये ‘व्हीएममेम’ तीन-चार जीबी अडवून बसलेले दिसते आणि सगळा दोष कंटेनरच्या माथी मारला जातो. तो बहुतेकदा अनाठायी असतो.

कंटेनर म्हणजे वेगळा संगणक नव्हे. लिनक्सवर ती इतरांसारखीच एक प्रक्रिया असते, यजमानाचाच कर्नल वापरणारी. तिला मेमरीची मर्यादा घालणारी ‘सी-ग्रुप’ ही सोय लिनक्समध्ये २००८ साली आली; डॉकर २०१३चा. विंडोजकडे लिनक्सचा कर्नल नाही, म्हणून तिथे पडद्याआड ‘डब्ल्यूएसएल’ या सोयीतून एक आभासी यंत्र चालते. व्हीएममेम म्हणजे ते यंत्र. त्यातला लिनक्स मोकळी रॅम वाचलेल्या फायलींच्या कॅशसाठी वापरतो, त्यामुळे कंटेनर थांबवले तरी आकडा लगेच उतरत नाही.

खरा खप ‘डॉकर स्टॅट्स’ या आज्ञेने कळतो. एखादा छोटा डेटाबेस तिथे जेमतेम काहीशे एमबीवर दिसतो. आभासी यंत्रालाच लगाम हवा असेल तर ‘डब्ल्यूएसएल कॉन्फिग’ फाइलमध्ये ३ जीबीची मर्यादा लिहावी. एकेका कंटेनरलाही मर्यादा घालता येते. मात्र ती फारच तोकडी ठेवू नये: कंटेनर १३७ हा क्रमांक देऊन बंद पडला, तर बहुधा मेमरी संपल्यामुळे कर्नलनेच त्याला मारलेले असते.