नांदी: नमन की आशीर्वाद?

संगीत नाटकाचा पडदा उघडतो, ऑर्गन-तबल्यावर सारी नटमंडळी हात जोडून गाऊ लागतात आणि प्रेक्षागृहात कुणीतरी शेजाऱ्याला सांगतो, ‘ही गणपतीची प्रार्थना.’ हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात मराठी रंगभूमीवरची सर्वांत गाजलेली नांदी, ‘संगीत शाकुंतल’मधली ‘पंचतुंड’, आधी शंकराला वंदन करते. गणपती त्यानंतर येतो. ‘मानापमान’ची (1911) नांदीही नटवर शंकराचीच.

नांदी ‘संगीत शाकुंतल’कर्त्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी सुरू केली, असेही मानले जाते. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगले, तेव्हा अण्णासाहेबांनी नांदीला मराठी संगीताचा जो थाट दिला तो थोरच. पण नांदी भरताच्या नाट्यशास्त्राइतकी जुनी आहे. त्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात ‘पूर्वरंग’ म्हणजे नाटकाआधीचे विधी सांगितले आहेत, आणि नांदी हे त्यांतले एक अंग. ती सूत्रधाराने मध्यम स्वरात म्हणावी, तिला आठ किंवा बारा पदे असावीत, असे भरत सांगतो. (कीर्तनातला पूर्वरंग वेगळा, तिथे बुवा अभंगाचे निरूपण करतात.)

पण भरताच्या या नांदीत मागितले काय आहे? देवांना नमस्कार झाल्यावर राज्याची भरभराट होवो, रंगभूमीची आशा फळो, नाटक करवून घेणाऱ्याला पुण्य लाभो, कवीला कीर्ती मिळो, अशी मागणी आहे. म्हणजे नांदी हे मुळात मंगल चिंतणे आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतल’ची नांदी पाहा. अष्टमूर्ती शिव ‘तुमचे’ रक्षण करो, असे ती म्हणते, आणि हे ‘तुम्ही’ म्हणजे समोर बसलेले प्रेक्षक. किर्लोस्करांच्या नांदीत मात्र नमन पुढे आले. मराठी नांदी ऐकायला मला अतिशय आवडते, तरी प्रेक्षकाला थेट दिलेला तो आशीर्वाद तिच्यात मागे पडला, याची हळहळ वाटते.

शंकराचा नंदी आणि नाटकातली नांदी एकच, हा समज अर्धा खरा. दोन्ही शब्द ‘नन्द्’ म्हणजे आनंदणे या धातूचे, पण नांदीचे नाव बैलावरून पडलेले नाही. आपले ‘नांदणे’ही याच कुळातले. म्हणूनच लग्न-मुंजीआधीच्या नांदीश्राद्धाचे नाव ऐकून दचकू नये. मंगलकार्याआधी पितरांचे आशीर्वाद घेण्याचा तो विधी आहे.

तमाशातल्या गणालाही काही जण नांदी म्हणतात. दोन्हींची जागा प्रारंभीच, पण गणाची परंपरा लोकरंगभूमीची. त्यामागे गौळण, बतावणी, वग असा स्वतंत्र क्रम उभा आहे. त्याला संस्कृत नाटकाचे नाव चिकटवल्याने त्याचा मान वाढत नाही.

वर्तमानपत्रांत ‘युद्धाची नांदी’, ‘संकटाची नांदी’ असे मथळे सर्रास दिसतात. नांदी म्हणजे नुसती सुरुवात, या समजुतीतून ते येतात. वापर रूढ झाला आहे हे खरे. तरीही लिहिणाऱ्यांना विनंती आहे: संकटासाठी ‘चाहूल’ आहे, ‘सुरुवात’ आहे; नांदी शुभारंभासाठी राखून ठेवा.