मोतीचा फोटो काढताना

नागपुरातल्या सदरसारख्या गजबजलेल्या भागात लाडक्या कुत्र्याचा फोटो काढायचा, तर सकाळी सातच्या आतली वेळ उत्तम. रहदारी कमी असते, ऊन कोवळं असतं. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तापलेल्या डांबरावर पंजे भाजतात. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवता आली नाही, तर घरातच खिडकीजवळ फोटो काढा.

उभ्यानं काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात. म्हणून खाली बसा, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणा आणि फोकस डोळ्यांवर ठेवा. फ्लॅश टाळा: कुत्र्याच्या दृष्टिपटलामागचा चमकदार थर प्रकाश परतवतो आणि डोळे हिरवे-पिवळे दिसतात. काळा कुत्रा उजेडासमोर नुसती सावली वाटतो. फोनवर त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवा. चंचल कुत्र्यासाठी शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवा.

लेन्सजवळ बिस्किट धरलं की नजर आपोआप वळते. मात्र कान मागे गेले, तो सारखा जांभया देऊ लागला किंवा ओठ चाटू लागला, तर तो वैतागलाय. तेव्हा कॅमेरा ठेवा, त्याला पाणी द्या. चांगला फोटो त्याच्या खुशीतूनच येतो.