डोंगर ते नदी : भाग ९
उताराची उधारी

या रविवारी बुटांवर लिहायचं कबूल केलं होतं. ते आठवडाभर पुढे ढकलतो आहे, कारण औशाहून एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न डोक्यातून जाईना.

हे गृहस्थ तीन मित्रांसोबत माहूरला गेले होते. पहाटे रेणुकामातेचं दर्शन घेऊन दत्तशिखर, तिथून अनसूयामातेचा डोंगर आणि मग सागाच्या जंगलातून पळत पैनगंगेच्या काठापर्यंत उतरले. ते लिहितात, ‘चढताना काही झालं नाही. नदीवर पोचलो तेव्हाही ताजातवाना होतो. सोमवारी मांड्या जरा भरून आल्या. मंगळवारी मात्र घरचा जिना उतरताना कठडा धरून, आडवं होऊन एकेक पायरी उतरलो. आणि गंमत म्हणजे चढायला त्रास नव्हता! दमवलं चढानं, मग दुखणं उताराचं कसं?’

प्रश्न नेमका आहे. माहूरच्या वाटेचं सगळं मर्म त्यात आलं. म्हणून आजचा अख्खा भाग उतारावर.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत जोर लावतो आणि शरीर वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. पाऊल टेकलं की गुडघा वाकतो, अंगाचं वजन खाली यायला बघतं आणि स्नायू लांबत लांबत त्याला आवरून धरतो. विहिरीतून भरलेली घागर वर ओढणं वेगळं आणि तीच घागर दोर सोडत हळूहळू खाली उतरवणं वेगळं. दुसऱ्या कामाला दम लागत नाही, पण तळहात सोलून निघतात.

दम का लागत नाही, हे दाखवणारा एक प्रयोग मला फार आवडतो. १९५२ मध्ये इंग्लंडमधल्या तीन शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पुढे पायडल मारायचं आणि दुसऱ्याने ते फिरणारं पायडल पायांनी रोखायचं. दोघांच्या पायांवर जोर सारखाच. तरी रोखणाऱ्याला लागणारा प्राणवायू पायडल मारणाऱ्याच्या तुलनेत कित्येक पट कमी भरला. लहान चणीची एक बाई धिप्पाड पुरुषाला सहज रोखून धरते आणि तो घामाघूम होतो, असं त्यांनी लोकांसमोर करून दाखवलं. पुढे २००२ मध्ये मिनेटी या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या चढ-उतारांवर धावपटूंना पळवून मोजमाप केलं. शंभर मीटरला वीस मीटर खाली जाणाऱ्या उतारावर पळायला सपाटीच्या साधारण निम्मीच ऊर्जा लागते, असं त्यांना आढळलं.

म्हणून आपल्या वाचकांना नदीवर पोचल्यावर ताजंतवानं वाटलं. त्यांच्या फुप्फुसांना खरंच फारसं काम पडलं नव्हतं. पण यातच खोच आहे. ताणलं जात असताना स्नायू थोडेच तंतू कामाला लावतो आणि सगळा भार त्या थोड्या तंतूंवर येतो. त्यांतले काही सूक्ष्म पातळीवर उसवतात. मग दुरुस्ती सुरू होते, सूज येते आणि दुखणं चोवीस ते बहात्तर तासांनी टिपेला पोचतं. रविवारचं दुखणं मंगळवारी का आलं, त्याचं उत्तर हे. जिना चढताना त्रास नव्हता आणि उतरताना होता, कारण उसवलेल्या तंतूंना पुन्हा ताणाचंच काम पडत होतं. चढ आपली किंमत रोख वसूल करतो, उतार उधारीवर देतो.

आता माहूरची जमीन बघा. आपला बहुतेक मुलूख लाव्हाच्या थरांचा. कठीण काळ्या पाषाणाचा थर, त्याखाली मऊ, झिजणारा थर, खाली पुन्हा कठीण. त्यामुळे डोंगर सरळ उतरत नाही, पायऱ्यांनी उतरतो. या खडकाला भूगर्भशास्त्रात जो ‘ट्रॅप’ शब्द आहे, तो जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलेला. दत्तशिखराकडून नदीकडे जाताना हे पायांना कळतं. एक तुटक टप्पा, मग थोडी सपाटी, मग पुन्हा टप्पा. नवखा धावणारा सपाटीवर वेग घेतो आणि टप्प्याच्या तोंडाशी टाचा रोवून ब्रेक मारतो. प्रत्येक टप्प्याला असं झालं की मांड्यांचा बोजवारा उडतो. त्याच्या उलट करा. सपाटीवर श्वास जुळवा, टप्प्यावर पावलं लहान आणि भरभर टाका.

त्यात मुरूम. कोरड्या मुरमाच्या उतरणीवर पाऊल म्हणजे सांडलेल्या बाजरीवर पाऊल. आणि फेब्रुवारीपासून सागाची पानगळ. ताटाएवढी वाळकी पानं वाटेवर पसरतात, खालचा दगड दिसत नाही. पानांच्या थरावर कधीही टाच आधी टेकवू नका.

हे मला एका म्हाताऱ्या बाईनं शिकवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी अनसूयामातेच्या अलीकडच्या उतरणीवर मी दोनदा घसरून बसलो होतो. मागून डोक्यावर मोळी घेतलेली एक आजी आली. पायात साध्या चपला, गुडघे किंचित वाकलेले, पावलं वीतभर आणि मान अगदी स्थिर. मला ओलांडून जाताना म्हणाली, “टाच कशाला रोवतो लेकरा? टाच रोवली की घसरलास. पाय अंगाखाली ठिव.” मी तिच्या मागे मागे उतरलो. पुढे डाउनहिलवरचं जे जे वाचलं, ते सगळं तिच्या या तीन वाक्यांत होतं. पाऊल शरीराच्या पुढे पडलं की ते ब्रेक होतं, शरीराखाली पडलं की ते नुसतं आधार देतं. फक्त नजरेची एक गोष्ट मी जोडतो. ती पायाशी नको, तीन-चार मीटर पुढे असू द्या. हात बाजूला मोकळे ठेवा.

आता दिलाशाची गोष्ट. उताराचं दुखणं लसीसारखं असतं. एकदा बेताचा उतार पळून झाला, दुखलं आणि भरून आलं, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारावर पुष्कळ कमी दुखतं. स्नायू शिकतो. आपल्या वाचकांनी चढाचा सराव मनापासून केला होता, उताराचा एकदाही नाही. लातूर पठारावरचं शहर, रस्ते सपाट, हेही खरं. पण लातूरकरांना देवर्जनचं हत्तीबेट आहे, चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं बेट आहे, औशाकरांना तर खरोसा लेण्यांचा डोंगर जवळच. नांदेडकरांनी वडेपुरीच्या रत्नेश्वरीला जावं. डोंगर छोटा असला तरी चालतो. चालत चढा, पळत उतरा. पहिल्या आठवड्यात चारच वेळा, तेही सौम्य उतारावर. मग दर आठवड्याला एक-दोन फेऱ्या वाढवा. माहूरला पळायला जाण्याआधीचे दोन आठवडे कडक उतार बंद.

दोन गोष्टी मात्र हलक्यात घेऊ नका. उतारानंतर लघवी चहासारखी गडद झाली किंवा मांड्या दगडासारख्या ताठरल्या, तर घरगुती लेप लावत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. उसवलेल्या स्नायूंतला मल मूत्रपिंडांना इजा करू शकतो. दुसरं पैनगंगेचं. खाली पोचल्यावर पाण्यात पाय सोडून बसण्याचं सुख मी जाणतो. पण वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडले की पाणी बघता बघता चढतं. त्या दिवसांत विसर्गाची खबर घेतल्याशिवाय पात्रात उतरू नका.

श्रावणातल्या पौर्णिमेला माहूरच्या परिक्रमेला येणारी माणसं बघा. त्यांत साठी-सत्तरीच्या बायका असतात, कित्येकींच्या पायांत काही नसतं. निसरड्या उतरणीवर त्या कशा उतरतात, ते एकदा मागे चालत नीट बघा. हा मार्ग पळणाऱ्यांनी शोधलेला नाही, चालणाऱ्यांनी घडवला आहे आणि उतरण्याची विद्या आजही त्यांच्याकडेच आहे.

औशाच्या वाचकांना एवढंच सांगतो : आता पाय मोकळे झाले असतील. येत्या रविवारी खरोशाला जा, चार वेळा चालत चढा, चार वेळा हलक्या पावलांनी उतरा आणि मंगळवारचा जिना कसा गेला ते कळवा. बुटांचं पुढच्या रविवारी नक्की.