गळाच्या काठीची मूठ

भोर तालुक्यात येळवंडी नदीवर भाटघर धरण आहे. अशा पाण्याकाठी गळ टाकून बसायचं, तर बांबूची काठी ओल्या हातात निसटते. तिला फोमची मूठ घरीच बसवता येते.

फोम घ्यायचा तो ईव्हीएचा, हलक्या चपलांच्या तळव्यात असतो तो. त्यात हवेचे असंख्य बारीक कप्पे असतात, प्रत्येक कप्पा बंद. म्हणून तो स्पंजासारखं पाणी पीत नाही.

खरी गंमत कापण्यात आहे. पातं दाबलं, तर फोम आधी चेपतो, मग कापला जातो; सुटला की कड आत वळलेली दिसते. म्हणून लांब, धारदार पातं हलक्या हाताने, करवतीसारखं पुढेमागे चालवावं. भोक काठीपेक्षा थोडं लहान हवं: १२ मिलिमीटरच्या काठीला १० चं. ताणलेला फोम मूळ आकाराला यायला बघतो, तीच त्याची पकड. सरकवायला साबणाचं पाणी लावू नका, गोंद धरत नाही. गोंद म्हणून लावलेला ओला इपॉक्सीच वंगणाचं काम करतो.

आकार मात्र त्याआधीच द्यावा. तुकडा लोखंडी सळईवर घट्ट बसवून ड्रिलमध्ये फिरवायचा आणि पॉलिशपेपर टेकवायचा, आधी ८० नंबरचा, मग २२० चा. वेग कमीच ठेवा. घर्षणाने तापलेला फोम मऊ पडतो, पृष्ठभाग चिकट होतो. मधूनमधून थांबून मूठ वळून बघा. करंगळीला जागा पुरली, की घासणं थांबवा.